एन्स्खेडेत गिरण्यांचं काय उरलंय? (सोबत आई-बाबा, हाताशी शनिवार-रविवार)

रानवारा
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या कामामुळे सध्या मुक्काम पोस्ट एन्स्खेडे. नेदरलँड्सच्या पार पूर्वेला, जर्मनीच्या कुंपणाला खेटून. मे महिन्यात आई-बाबा येतायत. अ‍ॅमस्टरडॅम, पवनचक्क्या, ट्युलिप हे सगळं त्यांचं मागेच एका सहल कंपनीबरोबर बघून झालंय. बाबांनी फोनवर बजावलंय, "बागा नकोत. तुझं गाव गिरण्यांचं होतं म्हणतेस ना, मग त्या दाखव."

बाबा आधी सोलापूर आणि मग मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात (सूत कातायच्या विभागात) होते. अजूनही दुकानात गेले की कापड अंगठ्याखाली चोळून सूत किती बारीक, ‘साठचा काउंट’ की ‘ऐंशीचा’, ते सांगतात, आणि दुकानदाराने वेगळं काही सांगितलं तर तिथेच वाद घालतात.

मला इथे दिसतं ते असं: औदे मार्क्ट या जुन्या बाजारचौकातली हॉटेलं, मधोमध जुनं चर्च, एक-दोन संग्रहालयं आणि जिथे तिथे ‘व्हान हेक’ हे आडनाव. चौक व्हान हेक, बाग व्हान हेक. गिरण्यांची धुराडी मात्र शोधावी लागतात. शेजारचे डच लोक "इथे कसलं काय बघायला" म्हणून हात झटकतात. खरंच काही नाहीये, की मला बघता येत नाहीये?

टिळक रोड
डच लोक खरं बोलतायत. उगाच पायपीट करवू नका म्हाताऱ्यांना. खीटहोर्नला न्या. कालवे, होड्या, गवताची छपरं. आई खूश, फोटो भरपूर.

तांबडा रस्सा
बाबांनी "बागा नकोत" म्हटलंय, "कालवे नकोत" असं कुठे म्हटलंय. टिळक रोड, वकील आहात का?

नकाशावाला
या धाग्याने फार मागे नेलं. मी १९८० च्या दशकात आयटीसीत शिकायला होतो. (गावी सगळ्यांना वाटलं होतं पोरगा सिगारेट कंपनीत चिकटला. ही आयटीसी म्हणजे विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायला शिकवणारी संस्था. १९५० साली डेल्फ्टला सुरू झाली, १९७१ ला एन्स्खेडेला आली. देहरादूनची आपली संस्था १९६६ साली उभी राहिली तीही हिच्याच मदतीने, त्यामुळे भारतातून सरकारी खात्यांतले लोक सतत असायचे.) राहायला बुलेव्हार्डवरचं आयटीसीचं हॉटेल. खिडकीतून मोकळी मैदानं दिसायची, गाड्या लावलेली. मला वाटायचं काय हे लोक, गावाच्या मध्यात एवढी जागा रिकामी. मग एका डच शिक्षकाने जुना हवाई फोटो टेबलावर ठेवला. जिथे मैदान तिथे सगळीकडे करवती दातांची छपरं, एकाला लागून एक. गिरण्या १९६० च्या दशकात धडाधड बंद पडल्या आणि पालिकेने पाडून टाकल्या. तेव्हा त्यांना त्यात जपण्यासारखं काही वाटत नव्हतं. बेकारीची आठवण कोण जपतो?

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: या गावात काय आहे यापेक्षा काय नाही ते बघायचं. ७ मे १८६२ ला अख्खं गाव जळालं. कोरडा मे महिना, वर वारा, लाकडी घरं. काही तासांत गावठाण साफ. चर्चचा जाड दगडी मनोरा राहिला, आतलं सगळं गेलं. १७८३ चं एल्डरिंक्सहाउस नावाचं एक घर वाचलं, तेही बघून घ्या. मग दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्याच विमानांनी जर्मन शहर समजून बाँब टाकले, १९४३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २२ फेब्रुवारी १९४४ ला. त्यानंतर गिरण्यांची पाडापाडी. आणि २००० साली फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट. तेव्हा मी भारतात होतो, बातमी टीव्हीवर बघितली.

उगाच
एवढं सगळं होऊन वर आजूबाजूचे लोक एन्स्खेडेकरांनाच ‘आग लावणारे’ म्हणून चिडवतात, हे राहिलंच की! १८६२ ची आग मालकांनीच लावली, जुनी घरं जाऊन नव्या गिरण्यांना जागा मिळावी म्हणून, अशी कुजबुज होती म्हणे. पुरावा काही नाही, पण चिडवायला पुरावा कुणाला लागतो?

इचलकरंजीकर
काकांसाठी लिहितोय, कारण ते जे बघणार ते आपल्याला दिसत नाही. मी कापडातलाच, चार पिढ्या माग.

यानिंकची गिरणी चुकवू नका. हाक्सबर्खरस्ट्राटवर आहे, १९०० च्या सुमाराची सूतगिरणी, इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या सिडनी स्टॉटने आखलेली. हा माणूस फक्त गिरण्याच आखायचा म्हटलं तरी चालेल. आता आत लोक राहतात, पण बाहेरून बघितली तरी काकांना कळेल: चार-पाच मजली, खिडक्याच खिडक्या. सूतगिरणी उंच का आणि माग बैठे का? एका कोपऱ्यात वाफेचं इंजिन असायचं आणि मोठ्या चाकावरून दोर प्रत्येक मजल्यावर जायचे. मजल्यावर मजला चढवला की तेच इंजिन सगळ्यांना पुरतं. मागाचं तसं नाही. धोटा (आडवं सूत नेणारी नळी) एका टोकाला धडकून परत फिरतो त्याचा दणका जमिनीत जायला हवा, वरच्या मजल्यावर ठेवलात तर इमारतच थरथरणार. म्हणून मागखातं जमिनीवर, आणि मोठ्या पसाऱ्याच्या मधोमध उजेड यावा म्हणून वर करवती छप्पर. त्याची काचेची बाजू उत्तरेला. ऊन थेट आत आलं की डोळे दिपतात आणि सूतही वाळून तुटतं. आमच्या इचलकरंजीच्या शेडमध्ये वर पत्रा आणि दिवसा ट्यूबलाइट, ते वेगळं.

एकच विचारतो: तिथे चालू माग कुठे बघायला मिळतो का? बंद मशिन म्हणजे काकांना कपाटातला सदरा.

ग्रोनिंगनची काकू
चालू मशिन बघायचं तर टिलबर्ग! एन्स्खेडे सुतीचं, टिलबर्ग लोकरीचं. तिथलं टेक्स्टील म्युझियम जुन्या मोमर्स कंपनीच्या कारखान्यातच आहे. जुनी यंत्रं आहेतच, शिवाय आत खरी कार्यशाळा चालते. जगभरचे कलाकार तिथे येऊन विणून घेतात आणि आपण शेजारी उभं राहून बघायचं. रेल्वेच्या जुन्या इंजिन-शेडमध्ये त्यांनी वाचनालय केलंय, लोकहाल, २०१९ ला उघडलं. त्यातले छतापासून जमिनीपर्यंतचे पडदे या कार्यशाळेतच झाले. आणि दे पोंट नावाचं कलासंग्रहालय आहे तेही लोकरीच्या सूतगिरणीत. लोकर साठवायच्या छोट्या छोट्या खोल्या तशाच ठेवून त्यांत चित्रं लावलीत. आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूरचा मोठा आरसा बाहेरच्या चौकात आहे, आत त्याचंच जमिनीतलं काळं भोक. त्या भोकाकडे मी बराच वेळ बघत होते, यजमान म्हणाले चल, ते काही बोलणार नाही.

टिलबर्गच्या लोकांचं टोपणनाव ‘मडक्यात मुतणारे’. थट्टा नाही, कार्निव्हलला ते स्वतःच मिरवतात, पुतळाही आहे. लोकर धुवायला आणि घट्ट करायला अमोनिया लागायचा आणि तो लघवीत फुकट. मग घराघरांतून मडकी भरून गिरणीला विकायची.

उगाच
म्हणजे शिवांबूचा औद्योगिक वापर आपल्याआधी डचांनी केला तर!

तांबडा रस्सा
हसून हसून पुरेवाट. बोनस कसा ठरत असेल? "या महिन्यात कोटा कमी पडला, ताक जास्त प्या."

मंदारिका
शी! जेवताना धागा उघडला होता.
पण काकू, एन्स्खेडेहून टिलबर्ग म्हणजे गाडीने अडीच तास. जाऊन येऊन दिवस गेला. रानवाराने एन्स्खेडे विचारलंय.

ग्रोनिंगनची काकू
बघणारा साचेखात्यातला मास्तर असेल तर पाच तास प्रवास वसूल आहे, असं माझं मत. बाकी तुमची मर्जी.

भोंगा
सगळ्यांचं वाचलं. इमारती आणि यंत्रं बघायची हौस समजू शकतो, पण माझं म्हणणं जरा वेगळं. गिरणगाव बघायचं तर पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते बघत चाला.

कुठून आला? ट्वेंटे म्हणजे एन्स्खेडेच्या आजूबाजूचा हा सगळा मुलूख. जमीन वाळूची, पीक बेताचं. शेतकरी हिवाळ्यात घरात जवसाच्या धाग्याचं कापड विणायचे. १८३० ला बेल्जियम फुटून निघालं आणि कापडाच्या मोठ्या गिरण्या, गेंटच्या, परदेशात गेल्या. इकडे डच राजाच्या व्यापारी कंपनीला जावात (आताच्या इंडोनेशियातल्या त्यांच्या वसाहतीत) खपवायला सुती कापड हवं होतं. त्यांना लँकेशायरचा टॉमस एन्सवर्थ भेटला. त्याने जवळच्या खोर गावात १८३३ साली विणकामाची शाळा काढली आणि पोरापोरींना दोरी ओढून धोटा पळवायचा माग शिकवला. आधी हाताने धोटा फेकायचे, ते काम कितीतरी पटीने वाढलं. पुढे त्याच्याच पुढाकाराने नाय्व्हरडाल हे गाव उभं राहिलं. एवढं सगळं उभं राहिलं ते जावाच्या बाजाराच्या जिवावर, जिथे इंग्रजी कापडावर जादा जकात बसवून डच कापडाला वाट करून दिली होती. जावातल्या विणकराला कुणी विचारलं नाही. हा भाग कुठल्या पाटीवर शोधावा लागेल ते काकांना सांगा.

कुठे गेला? फोल्क्सपार्कला जा. १८७० च्या दशकातली बाग, हेंड्रिक यान व्हान हेकने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून कामगारांसाठी केलेली. देशातली सर्वसामान्यांसाठीची पहिली अशी बाग म्हणतात. मग राइक्सम्युझियम ट्वेंटेला जा. १९३० ला उघडलं, संग्रह दुसऱ्या एका व्हान हेकचा. आत क्रानाख, होल्बाइन, मोने अशा चित्रकारांची चित्रं. आणि त्याच काळात कामगार कुठे राहत होते? ‘दे क्रिम’ नावाच्या वस्तीत. पाठीला पाठ लावलेल्या खोल्या, रोगराई, बदनाम वस्ती. ती १९३० च्या दशकात पाडली, म्हणून आता दिसत नाही. १९३१ च्या शेवटी पगारकपातीविरुद्ध ट्वेंटेतले हजारो कामगार संपावर गेले, महिनोन् महिने. त्याची बाग नाही.

टिळक रोड
भोंगा, बाबांना दोन दिवस फिरायचंय, प्रबंध नाही लिहायचा. त्याच व्हान हेक घराण्याने स्वतःच्या पैशातून बाग दिली, संग्रहालय दिलं. आपल्याकडच्या किती गिरणीमालकांनी दिलं? गिरणगावात जाऊन बघा, मॉल आणि टॉवर.

भोंगा
दिलं ना, आपल्याकडेही दवाखाने दिले, शाळा दिल्या, धर्मशाळा दिल्या. यादी काढू? मुद्दा दान दिलं की नाही हा नाहीच. दिवाणखाना दाखवायचा आणि मोरी दाखवायची नाही याला माझा आक्षेप आहे.

इचलकरंजीकर
भोंग्याशी अर्धा सहमत. पण पाटमोस विसरलात. १९१४ ते २८ मध्ये बांधलेली कामगारवस्ती, मालकांच्या पुढाकाराने निघालेल्या गृहसंस्थेची. लाल विटा, उतरती छपरं, वळणावळणाचे रस्ते, मधे चौक, प्रत्येकाला परसात वाफा. दोनेकशे पावलांतच कळतं की कुणीतरी डोकं लावून आखलंय. आजही तिथे लोक राहतात आणि वस्ती आपली म्हणून सांगतात. बीडीडी चाळी साधारण त्याच काळातल्या. दोन्हींत कामगारच. काका मुंबईत होते म्हणजे ते स्वतःच मनात तुलना करतील, आपण सांगायची गरज नाही.

आणि जावाचं म्हणाल तर दुसरा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापूस थांबला. १८६२ ला इकडे गाव जळालं. म्हणजे गिरणी जळाली, घर जळालं आणि ज्यांची गिरणी उभी त्यांना कापूस नाही. ट्वेंटेत उपासमारीची वेळ आली. त्याच वर्षांत मुंबईला काय चाललं होतं? आपल्या कापसाला सोन्याचा भाव, शेअरबाजारात धुमाकूळ, शेठ लोकांच्या कंपन्यांवर कंपन्या. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. एन्स्खेडे मात्र आगीनंतर नव्याने बांधून काढलं, रेल्वे आली, वाफेचे माग आले.

वेताळ
अवांतर: डच आणि कापड म्हटल्यावर वेंगुर्ल्याची वखार कशी कुणाला आठवली नाही? सतराव्या शतकात डच इथे येऊन वखार बांधून बसले, आधी गोव्याच्या पोर्तुगीजांच्या नाकाला मिरच्या झोंबवायला. सुरतेत आणि पूर्व किनाऱ्यावर तर आपलंच कापड घेऊन ते जावात विकत, त्याच्या बदल्यात मसाले. आमच्या वखारीची आता पडझड झालीय, झाडं उगवलीत. एन्स्खेडेवाल्यांना म्हणावं, या एकदा आजोबांचं घर बघायला.

संपादक
धागा मुंबई–वेंगुर्ले–जावा असा फिरतोय, हरकत नाही, पण एन्स्खेडेला अधूनमधून थांबा द्यावा.

रानवारा
बाप रे, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. करवती छपराचं ऐकून म्हणाले, "हा माणूस कुठल्या गिरणीत होता विचार." इचलकरंजीकर, सांगा.

नकाशावाला काकांनी स्फोटाचं लिहिलंय. ती रोमबेकची बाजू आमच्या सायकलच्या वाटेवरच आहे. नवी नवी रंगीत घरं दिसतात. तिकडे न्यावं का? आईला असलं बघून फार त्रास होतो.

ऊनसावली
रोमबेकला मी काही वर्षं राहिले आहे, म्हणून लिहिते. जरूर न्या. उदास वाटेल अशी जागा नाही ती.

१३ मे २०००, शनिवार, दुपारची वेळ. घरांच्या मधोमध फटाक्यांचं गोदाम होतं, तिथे आग लागली. लोक बघायला रस्त्यावर आले आणि मग मोठा स्फोट झाला. २३ माणसं गेली, त्यात ४ अग्निशामक दलाची. साडेनऊशेच्या आसपास जखमी. शेजारी ग्रोल्शचा बिअरचा कारखाना होता, तो नंतर गावाबाहेर गेला. जी घरं गेली ती बहुतेक गिरणी कामगारांसाठी बांधलेली जुनी छोटी घरं. म्हणून हा विषय तुमच्या धाग्याच्या आतलाच आहे.

पुन्हा बांधताना आराखडा पी दे ब्राउन यांनी केला, पण आधी जुन्या रहिवाशांना विचारून. ज्यांना हवे त्यांना भूखंड दिले आणि आपापलं घर आपापल्या वास्तुरचनाकाराकडून करायला सांगितलं. म्हणून ती घरं एकासारखं एक नाही. तुमच्या सायकलच्या वाटेवर रोमवेख लागत असेल. तिथे रस्त्याच्या मधून झरा वाहतो बघा, मोठ्या सपाट दगडांमधून. तोच रोमबेक. शहर वाढलं तेव्हा गाडला गेला होता, पुन्हा वर काढला. उन्हाळ्यात शाळा सुटली की पोरं बूट हातात घेऊन त्या दगडांवरून उड्या मारत घरी जातात.

रोझेन्दाल गिरणीचा जो भाग स्फोटातून वाचला त्यात आता दे म्युझियमफाब्रीक आहे. यानिंकच्या इमारतीत आधी कापडाचं संग्रहालय होतं, ते आणि निसर्गसंग्रहालय इथे एकत्र आलं. म्हणून एका दालनात जुने माग आणि पुढच्या दालनात पेंढा भरलेले प्राणी. आईंना प्राणी, बाबांना माग. वाद मिटला.

येणार मे मध्ये, तर १३ तारखेला तिकडे फुलं ठेवायला लोक येतात. त्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरू नका, एवढंच.

नकाशावाला
ऊनसावली, छान लिहिलंत. माझ्या काळात त्या भागात मी एका तुर्की दुकानातून मसूर आणि मिरच्या आणायचो. दुकानदाराचे वडील गिरणीत रात्रपाळीला होते. इथल्या गिरण्यांना १९६० च्या सुमाराला माणसं कमी पडायला लागली, मग इटालियन आले, स्पॅनिश आले, त्यांच्यामागून तुर्की. १९६१ ला इटालियन-स्पॅनिश पोरांना नाचघरात येऊ देईनात म्हणून ट्वेंटेत दंगलीही झाल्या. मग गिरण्याच बंद पडल्या आणि माणसं राहिली. तुर्कस्तानातून आलेल्या सिरियाक ख्रिश्चनांचा तर ग्लाने गावात मठ आहे, एन्स्खेडेच्या अगदी जवळ.

भोंगा
हे महत्त्वाचं लिहिलंत. कोकण-घाटावरची माणसं परळला आली तशीच ही. फरक इतकाच की यांना गावी जाऊन भात लावता येत नव्हता.

वाचनमात्र
सहसा लिहीत नाही, पण प्रिन्सेस्ट्राटवरचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) कुणीच सुचवलं नाही म्हणून. १९२८ चं, दे बाझेल या नावाजलेल्या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावरून. वर तांब्याचे घुमट, आत रंगीत काचांतून येणारा उजेड. ते एवढं देखणं का झालं, तर गावातल्या ज्यू समाजात कापड गिरणीवाले बरेच होते. त्यांतले सिख मेंको युद्धात, जर्मनांच्या ताब्यात असताना, इथल्या ज्यू मंडळाचे (जर्मनांनी उभं करायला लावलेल्या) प्रमुख होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या मंडळाने लोकांना जर्मनांच्या बोलावण्याप्रमाणे हजर व्हायला सांगितलं, एन्स्खेडेच्या मंडळाने सांगितलं, जाऊ नका, लपा. ओव्हरडाउन नावाचा एक पाद्री होता, त्याच्या माणसांनी हजाराच्या आसपास लोकांना घराघरांत लपवलं. देशातले बहुसंख्य ज्यू मारले गेले, एन्स्खेडेत मात्र वाचलेल्यांचं प्रमाण कितीतरी जास्त. मालक एवढेच बघितलेत तर हा मालक पण बघा, भोंगासाहेब.

भोंगा
बघितला. टोपी काढली.

टिळक रोड
मी अजूनही खीटहोर्नच म्हणतो, पण सिनेगॉग मलाही माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

मंदारिका
मी हेंगेलोत राहते, एन्स्खेडेहून रेल्वेने दहा मिनिटांच्या आत. इथे काकांना एक गंमत दाखवता येईल. स्टॉर्क! १८६८ पासूनचा यंत्रांचा कारखाना, वाफेची इंजिनं करणारा. त्यांनी कामगारांसाठी ’ट लान्सिंक ही टुमदार वसाहत बांधली, १९११ पासून. तळं आहे, मधे हॉटेल, साहेब आणि फिटर एकाच वसाहतीत, अर्थात घराचा आकार वेगवेगळा.

इचलकरंजीकर
स्टॉर्क!! रानवारा, बाबांना फक्त हे नाव घेऊन बघा. छपाईच्या कुठल्याही प्रोसेस हाउसमध्ये स्टॉर्कची रोटरी म्हणजे वट. गोल जाळीच्या नळ्यांमधून रंग, खालून कापड पळतंय. ते मशिन याच घराण्याच्या ब्राबांटमधल्या शाखेतून आलं, १९६० च्या दशकात.

आणि त्यांचा प्रश्न: मी गिरणीत नव्हतो हो, आमचे घरचेच माग. पण वडिलांनी डीकेटीईत (इचलकरंजीचं कापड-तंत्रज्ञानाचं कॉलेज) घातलं, तिथल्या सरांनी छपरं शिकवली.

तांबडा रस्सा
काका इकडे यायच्या आधी इचलकरंजीला जाऊन येतील असं दिसतंय.

ऊनसावली
आता जरा कामाचं. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद. सिनेगॉग कधी उघडं ते आधी बघून घ्या, मनाला येईल तेव्हा आत सोडत नाहीत. बाजार मंगळवारी आणि शनिवारी, व्हान हेक चौकात. शनिवारी निम्मा बाजार जर्मन भाषेत बोलत असतो, सीमेपलीकडच्या ग्रोनाउकडून लोक पिशव्या घेऊन येतात. कापडाचे ठेलेही असतात, बाबांना अंगठा चोळायला भरपूर वाव. आई शाकाहारी असतील तर मासे तळणाऱ्या गाडीच्या वाऱ्याच्या दिशेला उभ्या करू नका.

शनिवार: सकाळी बाजार, मग औदे मार्क्ट, चर्चचा मनोरा, एल्डरिंक्सहाउस. पालिकेची इमारत बाहेरून (१९३३ ची, स्टॉकहोमच्या नगरभवनावर बेतलेली, विटांचा उंच मनोरा). दुपारी रोमबेक आणि म्युझियमफाब्रीक. रविवार: यानिंक, तिथून पाटमोस आणि फोल्क्सपार्क. बाबांना बाग नको असेल तरी ही दाखवा, कारण भोंगा.

नकाशावाला
रविवारी वेळ उरला आणि उन्हाळी वेळापत्रक सुरू असेल तर हाक्सबर्खन ते बुकेलो वाफेची गाडी धावते, हौशी लोक चालवतात. बाबांना इंजिन बंद नाही, चालू बघायला मिळेल. इचलकरंजीकरांचा सदरा कपाटातून बाहेर.

ग्रोनिंगनची काकू
आणि टिलबर्ग?

रानवारा
काकू, टिलबर्गचं मडकं ऐकून आईने आधीच हात जोडले. पण बाबा म्हणाले, "लोकर धुवायला काय वापरायचे ते आम्हाला वर्गात शिकवलं होतं, मला मशिन बघायचंय." तेव्हा सोमवार धरून जोडून घेणार होतो, पण ऊनसावली म्हणते सोमवारी बंद. मग मंगळवारी बाबा आणि नवरा टिलबर्गला जातील, मी आणि आई इथल्या बाजारात. सिनेगॉगला आजच मेल केलाय.

मंदारिका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. रविवारी हेंगेलोत येऊन ’ट लान्सिंक बघायचं म्हणतोय, चहाला तुमच्याकडे येऊ का? आई कोरड्या चटण्या आणतेय, शेंगदाण्याची आणि जवसाची. कुणाला हवी असेल तर महिनाअखेरीपर्यंत सांगा, बॅगेत वजन मोजून भरायचंय.

तांबडा रस्सा
शेंगदाण्याची. पत्ता व्यनित.